पालथा टॅब

गुरुवार, दिवेलागण. लातूर.

चित्रगुप्ताच्या दरबारी सविनय तक्रार: आज मीच लिहिलेली बातमी वाचायला माझ्याच पेपरानं मोबाइलवर मला वर्गणी मागितली. बातमी कशाची, तर विष्णुपुरीच्या विद्यापीठातल्या परिसंवादाची. विषय: ज्ञान सर्वांना खुलं हवं! दुपारभर हसलो. संध्याकाळी हसू आटलं.

पुतणी सुमी लोह्याहून अभ्यासाला आमच्याकडे आलीय. तिला क्लास नाही, फुकटच्या व्हिडिओंवर भागवते. आमच्या मुक्ताला म्हणाली, “मुक्ते, तुझ्या क्लासच्या नोट्स दाव की जरा.”

“क्लासनं पानापानावर माझं नाव टाकलंय गं. फोटो फुटला तर मलाच काढतील.”

“फोटो कशाला? नुसतं बघते की.”

मुक्तानं नोट्सचा टॅब पालथा घातला.

मी पाठशाळेतलं शहाणपण काढलं. “अगं, विद्या दिल्यानं वाढते.”

“वाढते ना बाबा, तिची. परीक्षा दोघींची एकच आहे.”

सुमीच हसली. “ऱ्हाऊ द्या काका. भाकरी टाकू का?” म्हणत आत गेली. टॅब तसाच पालथा, माझ्या हाताच्या अंतरावर. उचलून सुमीला द्यायला मला कुणी धरलं होतं?

परिसंवादात ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्या सगळ्यांच्या घरी असाच एकेक टॅब असणार. त्यांना तरी काय म्हणू?

वर्गणीचं काही नाही, भरेन. पण टॅब पालथा पडला तेव्हा मला आधी हायसं वाटलं, लाज नंतर वाटली. मुक्ता हे माझ्याकडूनच शिकली असेल, तर तिला वेगळं शिकवणारं या घरात कुणी नाही.