एकवीस दिवस गप्प

३ फेब्रुवारी १९९८
घशाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. स्वरतंतूंवर गाठी. सव्वीस वर्षं चौथीच्या पोरांवर ओरडल्याचं फळ. एकवीस दिवस एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजसुद्धा नाही. २४ला तपासणी. गाठी बसल्या नाहीत तर ऑपरेशन, आणि मग आवाज कसा राहील ते सांगता येत नाही म्हणे. म्हणजे शाळा संपलीच की! रडले, तेही बिनआवाजाचं.
हे येताना पाटी-पेन्सिल घेऊन आले. "आता तू विद्यार्थिनी." तीच पाटी मी त्यांना फेकून मारणार होते.

५ फेब्रु.
तोंड बंद, तर डोक्यात बडबड दुप्पट. दूधवाल्याने पाणी घातलं, भांडता आलं नाही. दिवसभर तेच चघळत बसले. हे म्हणाले, "घरात कोंडून राहिलीस तर वेडी होशील. घाटावर जाऊन बसत जा सकाळी."

७ फेब्रु.
थंडी मरणाची. माघस्नानाच्या बायका त्या पाण्यात उतरतात, धन्य त्यांची! मी मफलर गुंडाळून पायरीवर. देवाकडे एकच घोशा, आवाज दे, आवाज दे. पंधरा मिनिटांत कंटाळून घरी.

१० फेब्रु.
अरे देवा! शेजारच्या पाटणकर वहिनींनी काय समजावं? मी रोज सकाळी नदीवर जाते, कुणाशी बोलत नाही, म्हणजे माघाचं मौनव्रत! नारळ घेऊन आल्या, पाया पडल्या. "सुमाताई, आमच्या मीनूचं यंदा जमू दे, एवढा आशीर्वाद द्या." घाईघाईने पाटीवर सगळं खरं लिहिलं. वहिनींनी चष्मा आणला नव्हता, त्यांनी पाटीच कपाळाला लावली. हे आतल्या खोलीत तोंडात रुमाल कोंबून...

१३ फेब्रु.
आणखी दोघी येऊन पाया पडून गेल्या. या वेळी पाटी उचलली नाही. मान बरा वाटला, दुसरं काय. इथे तरी खोटं कशाला लिहू! रात्रभर लाज वाटत राहिली.

१६ फेब्रु.
आज पाटणकर वहिनींना चष्म्यासकट बोलावलं. कागदावर सविस्तर लिहून ठेवलं होतं, घसा, गाठी, डॉक्टर, सगळं. मोठ्याने वाचलं त्यांनी. दारात मखमलाबादहून भाजी विकायला येणाऱ्या सखूबाई मेथी निवडून देत होत्या, त्याच आधी बोलल्या. "दुखण्यापायी का व्हईना बाई, गप तं बसल्या ना. मला एक दिस जमायचं नाय." वहिनी म्हणाल्या, "नारळ मात्र मी परत नेणार नाही हं." डोळे भरून आले. किती चांगली माणसं आहेत माझ्याभोवती.

१९ फेब्रु.
घाटावर दीड तास. कधी गेला कळलं नाही. ऊन पायरीवर आलं, मफलर काढला. धुणं आपटणं, भांड्यांचा खणखणाट, दोघींचं जागेवरून भांडण. कुणाला गप्प करावंसं वाटलं नाही. शाळेत 'गप्प बसा' किती वेळा ओरडले असेन! पोरं बिचारी.

२१ फेब्रु.
दुपारी मटार सोलत होतो. हे आपल्या वडिलांच्या शेवटच्या दिवसाचं सांगायला लागले. मामंजींनी यांचा हात धरून ठेवला होता, हे चहा प्यायला म्हणून उठले, आणि तेवढ्यात... तीस वर्षांत ही गोष्ट इथवर येऊच दिली नव्हती मी. दरवेळी मध्येच तोंड घालायचे. आज ऐकली. हात हातात घेतला, मटार राहिले तसेच. गाठींचे उपकार म्हणायचे!

२३ फेब्रु.
सकाळी स्वेटर घालावासाच वाटला नाही. थंडी गेली. यांनी विचारलं, "उद्याची भीती वाटतेय?" 'हो' लिहिलं. वाटतेय.
घाटावर बसून आले. चांगलं ऊन होतं. तव्यावर पोळी टाकली आणि लक्षात आलं, आज देवाकडे आवाज मागायचा राहिलाच! काल? कालही बहुतेक... मग तिथे बसून करत काय होते मी? परत जाऊन मागून यावं का? चप्पल घालायला निघालेही होते. पण पोळी फुगली होती. नाही गेले.
उद्या अकरा वाजता डॉक्टर.