तुझ्यावर आलेला बोल

बोईसर, सोमवार

प्रिय रिद्धी,

तुझी आता दिवसपाळी सुरू झाली, असं तुझ्या वॉर्डातल्या, इथून रोज डहाणूला जाणाऱ्या हेमांगीकडून कळलं. मी त्याच औषधाच्या कंपनीत, त्याच लॅबमध्ये आहे. आई डोंगरावरची नाचणी काढून माझ्याकडे आली आहे. बोईसरची हवा तिला मानवत नाही. दिवसभर खिडक्या लावून बसते, रविवारी मात्र सगळ्यांच्या आधी उपासनेला तयार असते.

आपलं लग्न चर्चच्या मंडळीनंच ठरवलं होतं. तू नर्स, मी उपासनेत ढोलकी वाजवणारा. पाळकसाहेबांना जोडा शोभला. साखरपुड्यानंतर माहीमला समुद्रावर सुरूच्या झाडांखाली मी तुला जे सांगितलं, ते तू मधे न बोलता ऐकलंस. रडलीस, पण तोंड फिरवलं नाहीस. मग घरी जाऊन 'मला हे लग्न नको' एवढंच म्हणालीस. कारण दिलं नाहीस, तेव्हा लोकांनी ते स्वतःच शोधलं. पोरगी नोकरीला लागली आणि तिला गर्व चढला, हॉस्पिटलात कुणीतरी असेल. मी ऐकत होतो. माझ्याबद्दल सगळ्यांना वाईट वाटत होतं, आणि ते मला सोयीचं होतं.

ऑगस्टात पाळकसाहेबांनी तुझं नाव घेऊन प्रार्थना केली, वाट चुकलेल्या लेकराला पश्चात्ताप दे म्हणून. तुझे वडील, देवूकाका, पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. सगळ्यांबरोबर मीही आमेन म्हणालो. त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. डोळे मिटले की वाटायचं, मी देवापुढे माझ्या जागी दुसऱ्याच कुणाला उभं करतोय, मग तो माझ्याशी बोलेल कसा.

काल उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो. म्हणालो, "रिद्धीचा काही दोष नाही. माझं मन पुरुषांकडेच जातं, कळायला लागल्यापासून. हे बदल म्हणून देवाकडे पुष्कळ मागितलं, आता मागत नाही. त्यानं मला असंच घडवलंय. त्याच्यावर विश्वास आहे, म्हणूनच खरं सांगतोय."

पाळकसाहेबांनी पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला. नंतर मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. तूर्त ढोलकीला हात लावू नकोस म्हणाले. मी म्हटलं, बरं, पण पुढच्या रविवारी मी येणार. रिक्षात घर जवळ आल्यावर आई म्हणाली, "तुला मी वळखत नाय का? पण त्या पोरीला वरीसभर बोल कशाला लागू दिलास?"

संध्याकाळी देवूकाका आले. चहा घेतला नाही. पोर मला तरी का नाय बोलली, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माहीमला मी तिच्याकडून प्रभूच्या नावानं वचन घेतलं होतं, कुणालाच सांगायचं नाही म्हणून. मग ते म्हणाले, "मी वरीसभर तिच्याशी बोललो नाय." परवा पहिल्या गाडीनं ते डहाणूला तुझ्याकडे येतायत. त्यांच्यासमोरही तू वचन पाळशील, हे मला माहीत आहे, म्हणून हे पत्र हेमांगीच्या हाती आधी पाठवतोय. ते वचन मी परत घेतो. त्यांना सगळं सांग. माझा राग आला असेल, तर तोही सांग.

प्रभूमध्ये तुझाच,
अंकुश