शेअर बाजाराचा क्लास आणि रामकुंडावरचा कावळा

नाशिक, मंगळवार

ती. अक्काला,

विशूचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण माझ्या गुडघ्यांची अवस्था तुला ठाऊक आहे, आणि पत्राची सुरुवात खोट्याने नको.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे तनयकडून कळलं. पट्टी निघाली असेल तर हे पत्र स्वतःच वाच. भाऊजींकडून वाचून घेऊ नकोस, त्यांच्याबद्दल एकदोन ठिकाणी लिहावं लागणार आहे. त्यांना अर्थातच नमस्कार. नामपूरला कांद्याचा भाव बरा असेल अशी आशा करतो.

फोन का केला नाही म्हणशील. रविवारी केला होता. तू चार वेळा "हॅलो, विशू, आहेस का?" विचारलंस, आणि चारही वेळा मी होतो. पण मला जे विचारायचं होतं ते तोंडातून निघेना, म्हणून लिहायला बसलो आहे.

दादाला जाऊन साडेतीन महिने झाले. दहाव्याला रामकुंडावर तू माझ्या मागेच उभी होतीस, तरी जे घडलं ते पुन्हा क्रमाने लिहितो, कारण मला त्यावरून एक गोष्ट ठरवायची आहे: दादाचा क्लास पुढे चालवायला मी बांधलेला आहे की नाही. पिंड ठेवून पाऊण तास झाला होता आणि कावळा भिंतीवर बसून भलतीकडे बघत होता. दादाच्या तनयने आईला पुण्याला घेऊन जातो असं सांगितलं. (शुभांगीवहिनींनी तिथल्या तिथे मान हलवून नकार दिला, तो कावळ्याने पाहिला असावा.) मग तो वर्षाच्या आत लग्न करतो म्हणाला. वहिनींच्या भावाने घराला रंग काढून द्यायचं कबूल केलं. भाऊजींनी तर, शेअर बाजार शिकवता येत नाही हे आपलं म्हणणं मागे घेतलं, इतकं मोठं मन दाखवलं. (यावर कावळा उलट हातभर लांब सरकला. दादाला ते खरं वाटलं नसणार.) मागे आणखी दोन कुटुंबं ताटकळत होती. गुरुजींनी घड्याळ बघून विचारलं, "कुणाचं काही राहिलंय का? नाहीतर दर्भाचा कावळा करून घेऊ." आणि मी, ज्याने निवृत्तीच्या समारंभात "आभारी आहे" एवढंच भाषण केलं होतं, तो मी म्हणालो, "दादा, तुझा क्लास मी चालवीन." का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. पाय भाजत होते. पण वाक्य संपायच्या आत कावळा खाली आला, पिंडाला चोच लावली, आणि तुम्ही सगळे वळून माझ्याकडे बघायला लागलात.

आता माझा आणि शेअर बाजाराचा संबंध किती, ते तू जाणतेस. सातपूरच्या कंपनीत चौतीस वर्षं तपासणी विभागात काढली. कामगाराने बनवलेला भाग हातात घ्यायचा, उजेडात धरायचा, मापात असेल तर या पेटीत, नसेल तर त्या पेटीत. या कामात बोलावं लागत नाही, म्हणून ते मला जमलं. दादाच्या पाटीवर मात्र "शेअर बाजार कुणालाही शिकवता येतो" असं लिहिलेलं आहे. वीस वर्षं तो मला शिकवत होता आणि सगळ्यांना सांगायचा, की विशूला आलं, की पाटीवरचा "कुणालाही" हा शब्द लाल रंगाने रंगवून घेईन. शब्द काळाच राहिला.

चालू तुकडीचे चोवीस वर्ग उरले होते, सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, दादाच्याच घरी पुढच्या खोलीत. पहिल्या दिवशी दादाची वही उघडून त्याच्या खुर्चीवर बसलो. (खुर्ची फिरते. मला ठाऊक नव्हतं. सुरुवातीची पाच मिनिटं मी भिंतीकडे तोंड करून होतो.) वहीत त्या दिवसाच्या धड्याखाली एवढंच होतं: "तोटा वेळेवर कापणे. नामपूरचा किस्सा सांगणे. इथे थांबणे, हशा होईल." पुढचं पान: "लोभ. चुलतआजोबांच्या छत्रीचा किस्सा. इथेही हशा." वहीभर असंच. दादाला किस्से पाठ, म्हणून त्याने ते लिहिलेच नाहीत, आणि मला किस्से येत नाहीत. मी वहीत होतं तेवढं मोठ्याने वाचलं आणि जिथे थांबायचं लिहिलं होतं तिथे थांबलो. कुणी हसलं नाही. निफाडचे पुंजाजी द्राक्षाच्या बागेतून थेट येतात, त्यांनी शेजारच्या हर्षलला विचारलं, "सरांना बरं नाय का?"

खरी पंचाईत प्रश्नांची झाली. माणसं उभी राहून "सर, हा शेअर घेऊ का?" असं सरळ विचारतात. मला काय माहीत? कंपनीत कुणी माल आणून ठेवला, की मी त्याच्याकडे बघून "मोजलं का?" एवढंच विचारायचो. तेच तोंडातून गेलं. पुंजाजींना व्याह्यांनी एक कंपनी सुचवली होती. मी म्हटलं, मोजलं का? ते म्हणाले, "काय मोजू सर, व्याही म्हणतो लय वर जाईल." मी गप्प. मग ते कंपनी काय बनवते ते सांगायला लागले, तर ते त्यांना माहीत नव्हतं. मी गप्पच. (मलाही माहीत नव्हतं.) मग, पडली तर किती सोसवेल, याचा त्यांनी मोठ्याने हिशोब केला, टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाले, "बरं, राहू द्या. तुमी म्हणता तर नाय घेत." अक्का, मी काहीही म्हटलं नव्हतं.

हे इतरांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं हीच पद्धत आहे. हर्षल सातपूरला लेथवर असतो, त्याला मापाचं वेड आधीपासून. त्याने वही केली: काय घ्यायचं, का घ्यायचं, चुकलं तर कुठे सोडायचं. अपूर्वा नावाची दातांची डॉक्टर येते, ती तर दुपारी दवाखान्यातून फोन करते, आपण होऊन सगळं बोलते, मी "हं" एवढंही म्हणत नाही, आणि शेवटी "थँक यू सर, वाचले" म्हणून फोन ठेवते. दोन महिन्यांत आमच्या अख्ख्या क्लासने मिळून तीन व्यवहार केले. आणि मग बाजार पडला. बातम्या भाऊजींनी वाचल्या असतीलच. गल्लीतल्या दुसऱ्या एका क्लासची मुलं आठवडाभर तोंड लपवून फिरत होती. आमचे विद्यार्थी मात्र पेढे घेऊन आले. मला आता "शांत सर" म्हणतात. पुढच्या तुकडीसाठी एकवीस माणसं थांबली आहेत, त्यात पुंजाजींचे व्याहीही आहेत.

भाऊजी म्हणतील, काही न घेणं याला व्यापार म्हणत नाहीत, आणि माणसाला घाबरवणं याला शिकवणं म्हणत नाहीत. मलाही तसंच वाटतं. दादा असता तर म्हणाला असता, बघ, शिकवता येतं, आणि शिकवणाऱ्याला येत नसलं तरी येतं. त्याच्याशी वाद घालायला आता कुणी नाही, हे मला सोमवार आणि गुरुवार सोडून बाकीच्या दिवशी फार जाणवतं.

वहिनी ठीक आहेत. दोन महिने त्यांनी गॅसपाशी जायचं सोडलं होतं, शेजारून डबा यायचा. हल्ली क्लासच्या दिवशी चौदा कप चहा स्वतः करतात आणि साखर कमी पडली म्हणून माझ्यावर ओरडतात. बाकी सर्व क्षेम. ड्रॉप्स वेळेवर घाल.

तुझा
विशू

ता. क. : वर एक गोष्ट सोडली. बाजार पडला त्यात आपल्या क्लासमधल्या एका माणसाला खोट बसली. तो माणूस मी. शिकवतो ते एकदा करून तरी बघावं म्हणून खातं उघडलं आणि दादाला आवडायचा तो शेअर घेतला. मोजला नाही. मला "मोजलं का" विचारणारं कुणी नव्हतं. अजून विकलेला नाही. भाऊजींना सांगू नकोस.

दुसरी ता. क. : ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते हे. रामकुंडावर मी बोललो त्याच क्षणी तूही माझ्या मागे हळूच काहीतरी पुटपुटलीस. मला शब्द कळले नाहीत, आवाज आला. तू काय कबूल केलंस? कावळा तुझ्या शब्दावर खाली उतरला असेल, तर मी मोकळा आहे. परवा गुरुवारी ही तुकडी संपते आणि पाटी उतरवायची की नाही ते ठरवायचं आहे. तर लगेच कळव.

तिसरी ता. क. : पत्र पेटीत टाकायचं राहिलं, आज शुक्रवार. काल शेवटचा वर्ग झाला. धडे संपले होते, म्हणून मी पहिल्या दिवशी वाचलेलं पान पुन्हा वाचलं, "नामपूरचा किस्सा सांगणे, इथे थांबणे, हशा होईल", आणि थांबलो. या वेळी पुंजाजी फिसकन हसले. मग हर्षल, मग सगळे, आणि आत चहाचे कप विसळत असलेल्या वहिनीसुद्धा. मीही हसलो असं अपूर्वा म्हणते. नवी तुकडी सोमवारपासून आहे, वहिनींनी खुर्च्या सांगून टाकल्या. तेव्हा कावळ्याचं राहू दे, तू काय म्हणालीस ते मला कळवूच नकोस. तो नामपूरचा किस्सा मात्र पूर्ण लिहून पाठव. दादा कुठे थांबायचा, तेही लिही.