उसात बसलेली आई

८ जाने. १९९६, सोम.
इंदापूरहून सुपरवायझर बाई येऊन गेल्या. नवा उपक्रम. पोरांना फिरवून आणायचं, झाडं-पाखरं दाखवायची, आणि ज्यानं आपल्याला काही दिलं त्याचे 'आभार' चित्रातून मानायचे. २६ ला चित्रं भिंतीवर, आईबापांनी बघायची. मी आपली मान डोलावली. नंतर पोरांना विचारलं, आभार म्हणजे काय रे? सगळी एका सुरात: वैरणीचा भारा! हसून हसून पोट दुखलं. पण पोरांचं काय चुकलं, आमच्याकडं कोण कुणाचे आभार मानतं? शेवटी मदतनीस कौसाबाईनंच सोडवलं. म्हणाली, "बरं झालं तू हायस, आसं म्हणायचं." पोरांना लगेच कळलं. सात वर्षं अंगणवाडी चालवून मला नाही सुचलं.

१० जाने., बुध.
पोरांना पाटाच्या कडेनं फिरवलं. बगळे, बोरं, एक मेलेला खेकडा. खेकड्याला 'बरं झालं तू हायस' म्हणायचं का, यावर भांडण. आल्यावर खडू दिले (परवाच बारामतीहून आणलेले, निम्मे मोडलेसुद्धा). मंगलनं अख्खा कागद हिरव्या रेघांनी भरला, मध्ये एक लाल ठिपका. हे काय? ऊस. आणि लाल? आई. उसात काय करती आई?
"बसती."
कौसाबाईनं तोंडाला पदर लावला. मीही फिस्सकन हसले. बायका आणखी कशाला जातात उसात, संडास आहे कुणाच्या घरी? चार वर्षांची पोर, जे बघितलं ते काढलं. खाली झोकात लिहिलं: उसा, बरं झालं तू हायस. दारासमोरच्या भिंतीवर चिकटवलं, येणाऱ्याला आधी तेच दिसावं म्हणून.

१९ जाने., शुक्र.
मंगलनं परत तेच चित्र काढलं. या वेळी बांधावर एक काळा माणूस, तोंड हे एवढं उघडं. कोण गं हा? आप्पा. म्हणजे तिचे वडील, लोणी देवकरला कंपनीत असतात. म्हटलं, गाणं म्हणतात का?
"न्हाय. आईला हाका मारत्यात. आई म्हणती ओ द्यायची न्हाय, घावलो तर मारत्यात."
आणि खाली मान घालून रंगवत राहिली.
नऊ दिवस मी त्या चित्रासमोरून ये-जा करतेय. हसले होते मी. बाई म्हणवते स्वतःला.

२० जाने., शनि.
मंगलच्या घरी गेले, पोरीच्या वजनाचं निमित्त काढून. आई सुमन एकटीच होती. मनगट सुजलेलं. बादली निसटली म्हणाली. मी चित्राचं सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक. "भिंतीवर लावलंय? त्यास्नी वाचता येतं, बाई." भावाला कळवू का विचारलं, तर म्हणे दोनदा घेऊन गेला आणि दोनदा आणून सोडलं. तशीच पळत आले, चित्र भिंतीवरून उतरवलं, कपाटात कुलूपबंद. भिंतीवर डिंकाचे चार डाग राहिलेत.

२६ जाने., शुक्र.
झेंडावंदन झालं. आप्पा आले. इस्त्रीचा शर्ट, सगळ्यांना नमस्कार, म्हाताऱ्यांना हात धरून खुर्चीवर बसवलं. कुणी म्हणेल का! बायका आपापसात म्हणत होत्या, सुमननं नशीब काढलं.
"आमच्या मंगलचं चित्र कुठाय, बाई?"
म्हटलं सुपरवायझर बाईंनी नेलं, इंदापूरला दाखवायला. सपशेल खोटं. कशाचं होतं, म्हणून त्यांनी पोरीलाच विचारलं. ती 'ऊ...' म्हणेपर्यंत कौसाबाईनं तिच्या तोंडात जिलेबी कोंबली. लोक हसले, तेही हसले. पण जाताना डिंकाचे डाग बोटानं चाचपले त्यांनी.

२९ जाने., सोम.
ऊसतोडीची टोळी आली. कारखान्याची तोडीची चिठ्ठी अजून महिनाभर येत नाही असं सगळे म्हणत होते, आणि सकाळी बघते तर सुमनच्या घरामागच्या उसात कोयते चाललेले. दुपारपर्यंत कडेच्या सऱ्या मोकळ्या, पार पलीकडचा पाट दिसायला लागला.
पोरं घरी गेल्यावर सुमन आली. पहिल्यांदाच. उंबऱ्यात उभी राहिली, आत येईना. मी चहा विचारला, नको म्हणाली. खोलीभर नजर फिरवली, मग दाराकडं बघत राहिली.
"बाई, ह्या दाराला आतून कडी हाय का?"
नाही. फक्त बाहेरून आहे. सात वर्षांत आतून कधी लागलीच नाही.

३० जाने., मंगळ.
सुताराकडं जाऊन आले. आतून कडी बसवायची म्हटल्यावर विचारतो, अंगणवाडीला कशाला? काहीतरी सांगितलं. गुरुवारी येतो म्हणाला. टोळीचा मुकादम म्हणतो, आज दिवस मावळायच्या आत रान मोकळं.