तीन मिनिटांचा धडा

सोमवार, ३ जून

एक कोडे. आज मेकॅनिकांच्या ग्रुपवर टाकलेला माझा धडा तीन मिनिटांचा, आणि पहिला अंगठा आला तो अर्ध्या मिनिटात! पाठोपाठ सगळ्यांचे. लिफ्टचे दार बंद होता होता पुन्हा उघडते, तेव्हा सेन्सर कसा तपासावा, हे तर अगदी शेवटी आहे. मग न बघताच यांना आवडले काय?

धडा मात्र चांगला झाला आहे. वहीत म्हणायला काय हरकत! एका हातात टॉर्च असतानाही पाहता यावा, म्हणून अक्षरे मोठी आणि एका धड्यात एकच बिघाड.

साहेबांची अट आहेच. दुरुस्त केलेली लिफ्ट पुन्हा त्याच कारणाने बंद पडली, की ती आमच्याकडे ‘परतीची तक्रार’ ठरते. “या महिन्यात त्या कमी झाल्या, तर तुमचे मोबाइलचे धडे. नाहीतर जुना कोर्स. ऑफिसात, संगणकावर, दर रविवारी.” रविवारी! आठवडाभर लिफ्टच्या शाफ्टमध्ये लोंबकळणाऱ्या माणसांना!

मंगळवार, ४ जून

ह्यांना कोडे घातले. चहा ढवळत म्हणाले, “अगं, साहेब आहेत ना ग्रुपमध्ये? मग तो अंगठा धड्याला नाही, साहेबांना. हजेरी ती!”

उलगडले! हजेरी लावण्याची सगळ्यांनाच घाई. शंका विचारायला मात्र धीर लागतो, आणि साहेबांदेखत तो कोणाला होणार?

गुरुवार, ६ जून

साहेबांना ग्रुप सोडण्याची विनंती केली. “म्हणजे अडचण मीच का?” मी शांतपणे समजावले: आपण बघत असताना ‘मला हे येत नाही’ असे कोणी लिहील का? मग गेले! जाताना ‘शिस्त राखा’ लिहून.

शुक्रवार, ७ जून

एकही अंगठा नाही. दुपारी पहिला प्रश्न! आमच्या एकुलत्या एक बाई मेकॅनिकचा. तिला सगळे ताई म्हणतात. “मॅडम, सेन्सर पुसला तरी दार उघडतंच. आता काय पुसू, कपाळ?”

हसू आवरेना. मग सविस्तर उत्तर लिहिले: संभाव्य कारणे, प्रत्येकाची लक्षणे, तपासण्याचा क्रम. फार सुरेख जमले.

बुधवार, १२ जून

प्रश्नांवर प्रश्न! सर्वांत जुने मेकॅनिक, ज्यांना सगळे दादा म्हणतात, तेही आता इतरांना उत्तरे देतात. त्यांचे काही निसटले, की मी खाली जोडते: “दादांचे बरोबर आहे, फक्त…” शिकवण्यात अर्धवटपणा नको.

मंगळवार, १८ जून

ग्रुपवर चिटपाखरूही नाही.

सोमवार, २४ जून

परतीच्या तक्रारी निम्म्यावर आल्या! ग्रुप मुका, आणि काम मात्र सुधारते आहे. याची संगती लागत नाही.

गुरुवार, २७ जून

लागली. एका इमारतीत काम पाहायला गेले होते. ताई लिफ्टपाशी वाकलेली, आणि तिच्या मोबाइलवर दादांचा व्हॉइस मेसेज: “अगं, आधी उंबऱ्याची खाच बघ, खडा अडकला असेल. मग टाक फोटो.” त्याखाली कोणीतरी केलेला व्हिडिओ. अंधारा, हलता, पण अक्षरे मोठी, आणि एकच बिघाड! ग्रुप दुसराच होता. त्यात मी नव्हते.

“मॅडम, रागावू नका हं,” ताई ओशाळली. “तुम्ही सांगता चांगलंच. पण आम्ही एक ओळ लिहायची आणि खाली तुमचं पानभर ‘फक्त’! मग कोण लिहिणार?”

झोंबले. साहेबांना बाहेर काढून त्यांच्या खुर्चीत मीच बसले होते की! मग तो हलता व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. माझ्याच पद्धतीचा धडा, मला न विचारता केलेला—ऊर भरून आला.

शुक्रवार, २८ जून

साहेब खूश. धडे चालू राहणार, रविवार वाचले! “तुमच्या ग्रुपनं करून दाखवलं.” माझ्या नव्हे, त्यांच्या, असे सांगून टाकले. “अस्सं? मग मला घ्यायला सांगा त्यात.”

“साहेब, त्यांनी मलाही घेतलेलं नाही,” मी म्हणाले. इतक्या अभिमानाने मी आजवर काही बोललेले नाही!

शनिवार, २९ जून

ताईचा निरोप: “मॅडम, घेऊ का तुम्हाला आमच्यात?” नको म्हटले.

शिकवणाऱ्या कोणालाही करता येईल अशी चाचणी: आठवडाभर आपल्या ग्रुपवर एक अक्षर लिहू नये. बोलणे वाढले, तर ते कोणामुळे अडले होते ते कळते.