हेराल्डची मागची सीट

मी, राजेश्वरी लालासाहेब मोहिते, वय ६८, धंदा भाषणे करणे, राहणार माधवनगर, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहिते. दबाव आणून पाहिला गेला होता, तो कलम दोनमध्ये आहे.

१. घर भाड्याचे, ते मालकाला परत. पुस्तके उंब्रजच्या वाचनालयाला, समासातल्या शिव्यांसकट. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर वक्त्यांना माझा माइक देऊ नये.

२. उंब्रजची तारळीकाठची जमीन, माझा अर्धा हिस्सा. धाकटा भाऊ कृष्णात दर भाऊबीजेला साडी आणायचा आणि साडीखाली हक्कसोडपत्र. साडी मी नेसले, कागदावर करंज्या ठेवल्या.

"आक्का, भनीनं भावाकडं जमीन मागायची असती व्हय?"

"मागतंय कोन? हाय ती सोडत न्हाई."

हा हिस्सा त्याची मुलगी क्रांती हिला. जमीन त्याच्याच पोटच्या पोरीकडे जाते, तेव्हा घराबाहेर गेली अशी बोंब त्याने मारू नये.

३. लोखंडी ट्रंक, आत मोटारींच्या जाहिरातीची चकचकीत पत्रके. मी दहा वर्षांची, कृष्णात आठचा. अक्षर माझे बरे, म्हणून वडिलांच्या, आण्णांच्या, नावाने मोटार कंपन्यांना कार्डे मी लिहायची: बागायतदार आहे, मोटार घेणे आहे, पत्रके पाठवावीत. घरात सायकल नव्हती. पोस्टाने अँबेसिडर आली, फियाट आली, निळी हेराल्ड आली. मग एके दिवशी टाय लावलेला विक्रेताच दारात आला. आण्णा म्हैस धूत होते. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "पेंड किती खाती?"

कृष्णातने माझ्याकडे बोट दाखवले. मार मी खाल्ला. विक्रेत्याने जाताना दिलेले पत्रक त्याने घेतले.

ओट्यावर हेराल्डचे पत्रक उघडून आम्ही फिरायला जायचो. चालवायचा कायम तो. "बायका मागंच बसत्यात," म्हणायचा. बाईच्या हक्कांवर मी चाळीस वर्षे जी भाषणे ठोकली, त्यांचे मूळ लोक माझ्या पुस्तकांत शोधतात. ते हेराल्डच्या मागच्या सीटवर आहे.

ट्रंकही क्रांतीला. तिला गाडी येते, बाप किल्ली देत नाही. यंदा लग्न ठरले, तसा तिच्यापुढेही तोच कागद आला आहे. क्रांती, सही करू नकोस. भांडूही नकोस. साडी घे.

४. ट्रंकेतली निळी हेराल्ड मात्र कृष्णातची. तिच्यासाठी तो रडायचा, हे मी कधी सभेत सांगितले नाही. अट एकच. क्रांतीने गाडी चालवत त्याला तारळीकाठच्या शेतापर्यंत न्यावे, त्याने मागे बसावे आणि पत्रक त्याला तिथेच द्यावे. वाटेत त्याने गिअर, ब्रेक, खड्डा याविषयी बोलू नये. बोलल्यास उतरवावे आणि पुढच्या भाऊबीजेला पुन्हा न्यावे.

राजेश्वरी लालासाहेब मोहिते (सही)

आम्हां दोघांसमोर बाईंनी वाचून सही केली. हसल्याबद्दल दोघांनाही दटावले.
साक्षीदार: नाथाजी रामू पाटोळे (सही), पल्लवी धनाजी खरात (सही)

माधवनगर, ३ नोव्हेंबर २०२५