आत माणसं किती बसणार?

१९ सप्टेंबर
इसिक-कुल, दक्षिण काठ

चि. बेगिमाय हिला,

म्हाताऱ्याचे आशीर्वाद. आईचा दमा कसा आहे? इकडे जर्दाळू वाळवून झाले. हिने तुझ्यासाठी पिशवी भरून ठेवलीय. माझे गुडघे कुरकुरतात, पण हातात रंधा धरवतो अजून.

दोन वर्षांनी पत्र आलं म्हणजे राहुट्या शिकवणाऱ्या उस्ताचं काहीतरी अडलंय, म्हणशील. अडलंयच.

आपल्या कॉलेजातली अक्मारल आठवते ना? वर्गात पहिली आलेली. या उन्हाळ्यात वरच्या कुरणावर तिने बहिणीच्या सासरची राहुटी एकटीने उभारायला घेतली. वासे छपराच्या कड्यात बसेनात. कसेबसे ठोकले, तर दुपारच्या वाऱ्यात सगळं आडवं झालं. कुणाला लागलं नाही. पण बहिणीचा सासरा चारचौघांत म्हणाला, "दोन वर्षं कॉलेजात काय, मेंढ्या हाकत होतीस?"

पोर माझ्याकडे आली आणि हत्यारं ओट्यावर ठेवून म्हणाली, "उस्ता, वाळुंजाच्या काठ्या सोलायला शिकवलंत, वाफवायला, वाकवायला शिकवलंत. घर बांधायला कधी शिकवलंत?" येत्या सोमवारी ती मॉस्कोला भांडी घासायला निघालीय.

खरंच की गं! वासे एका पोराने करायचे, भिंतीची जाळी दुसऱ्याने, आणि जुळवणी नेहमी मीच करायचो.

तू नवा अभ्यासक्रम आखायला आलीस तेव्हा पहिलंच विचारलं होतंस, "उस्ता, दोन वर्षांनी मुलांना एकट्याने काय करता आलं पाहिजे? तिथून मागे येऊ." आणि मी भर सभेत म्हणालो, "हिची मेंढी अजून गाभण नाही, आणि ही पाहुण्यांना मटण वाढायला निघाली!" सगळे हसले. तूही हसलीस बिचारी.

मी स्वतः गिऱ्हाइकाला आधी काय विचारतो? आत माणसं किती बसणार? त्यावरून कडं, कड्यावरून वासे. जन्मभर हेच केलं, आणि वर्गात अक्कल गहाण ठेवली.

तुला वाटतं, सरकारी पैसा आटला म्हणून तुझी नोकरी गेली. तसं नाही. "ती राहील नाहीतर मी," असं मी प्राचार्यांना सांगितलं होतं. तुझे अभ्यासक्रमाचे कागदही चहाच्या समोवाराखाली जाळले. काल प्राचार्यांना हे सगळं सांगून आलो. माझी जागा तुला द्या, म्हणालो. ते विचारतील तुला. नाही म्हणालीस तरी तुझा हक्क आहे.

एकच मागतो. सोमवारच्या आत अक्मारलला फोन कर, जाऊ नकोस म्हण. माझं ती ऐकणार नाही, आणि का ऐकावं?

तुझ्या पोटावर पाय देणारा,
झुमाबेक